स्विफ्ट स्पोर्ट ३१ आणि ३३: सात महिने दोन्ही दारात ठेवल्यावर

गेले सात महिने माझ्याकडे दोन स्विफ्ट स्पोर्ट आहेत. एक २००८ची, झेडसी३१एस, आणि दुसरी २०२०ची झेडसी३३एस. ही सुझुकीची मॉडेलची नावं, पुढे मी नुसतं ३१ आणि ३३ म्हणतो. दोन्ही पिवळ्या. हा तोच चॅम्पियन यलो, ज्युनियर वर्ल्ड रॅलीत सुझुकीच्या गाड्या ज्या रंगात पळायच्या तो. बायको म्हणते एकच गाडी दोनदा विकत घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय, आणि शेजारचे आजोबा पहिला महिनाभर समजत होते की मी एकच गाडी सारखी इकडून तिकडे लावतोय.

मी योकोहामात आयटीत आहे, मूळचा वाईचा. ३१ घेतली २०१९ला आणि त्यामागचं कारण अजिबात टेक्निकल नव्हतं. बाबांनी २००६ला सिल्व्हर स्विफ्ट घेतली होती, १.३ पेट्रोल, ८७ पीएसवाली (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), आणि मी गाडी शिकलो ती तिच्यावर, तेही पसरणी घाटात, चार माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं असलं की एसी बंद करून दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत पाचगणीला पोचायचं. मग इकडे एका सेकंडहँड गाड्यांच्या यार्डात बरोब्बर तोच चेहरा दिसला, तेच गुबगुबीत खांदे, पण मागे दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर आणि आत लाल-काळ्या सीटा. आपल्या घरातल्या साध्या मुलीला जपानमध्ये एक पैलवान बहीण आहे हे असं अचानक कळलं, आणि ही बहीण भारतात कधी आलीच नाही. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे बलेनो आरएस, पण ती एक लिटरची आणि तीही फार टिकली नाही.

आता दोघींमधला मूळ फरक. ३१ला १५८६ सीसीचं साधं इंजिन, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नाही, १२५ पीएस पण ती ६८०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेतं तेव्हा, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १४८ एनएम आणि तोही ४८००ला, पाच गिअर. ३३ला १३७१ सीसी टर्बो, १४० पीएस ५५००ला, टॉर्क २३० एनएम आणि तो २५००लाच हजर, सहा गिअर. म्हणजे कागदावर ताकद फक्त १५ पीएसने वाढली, लोक तिथेच बघतात आणि म्हणतात बारा वर्षांत एवढंच? पण खरा खेळ टॉर्कचा आहे आणि दुसरा वजनाचा. नव्या गाड्या जाड झाल्या म्हणून आपण सगळेच बोंब मारतो ना, इथे उलटं आहे, ३३चं वजन ९७० किलो आणि माझी जुनी ३१ हजार पन्नासच्याही वर जाते. नवी लांबरुंद, दिसायला दणकट आणि तरी हलकी. जुन्या गाडीवर प्रेम असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, मला तरी लागला.

चालवताना काय होतं ते सांगतो. ओदावाराकडून हाकोने टर्नपाइक नावाचा टोलचा रस्ता वर चढतो, समुद्राच्या कडेपासून थेट हजार मीटरवर दाईकान्झानपर्यंत, वर पोचलं आणि हवा चांगली असली की समोर फुजी आणि खाली आशिनोको तलाव. मी पहाटे साडेपाचला निघतो, रस्ता मोकळा असतो. ३१ घेऊन गेलो की पहिल्या चढालाच परीक्षा सुरू. तिसऱ्यात ३००० वर असताना अॅक्सिलेटर दाबला तर काही घडत नाही, अक्षरशः काही नाही, बाबांची स्विफ्ट आठवते. दुसरा टाकायचा, काटा पाच हजारांच्या पुढे न्यायचा, आणि तिथून पुढे आवाज बदलतो, आधी घोगरा असतो तो एकदम कोरडा आणि बारीक होतो, स्टिअरिंगमधून मुंग्या यायला लागतात आणि पुढचे दीडदोन हजार आरपीएम गाडी अशी काही खेचते की १२५ पीएस आहे यावर विश्वास बसत नाही. मग वळण येतं. ब्रेक मारताना टाचेने अॅक्सिलेटरला टिचकी देऊन गिअर खाली आणला नाही तर वळणातून बाहेर पडताना परत ३००० आणि परत रडगाणं. म्हणजे एक वळण चुकलं की त्याची शिक्षा पुढच्या दोनशे मीटरला मिळते. गेल्या पाच वर्षांत मी जे काही ड्रायव्हिंग शिकलोय ते या शिक्षेमुळे.

त्याच रस्त्याला ३३. तिसरा टाकला आणि बास. खरं सांगतो, एकदा मी मुद्दाम बघितलं, टोलनाक्यापासून वरपर्यंत जवळजवळ सगळा रस्ता तिसऱ्यात होतो. वळणातून बाहेर येताना पाय टेकवला की पाठीत कोणीतरी मागून ढकलल्यासारखं, काही बोलायचं कारणच नाही. डॅशबोर्डवरच्या छोट्या स्क्रीनवर बूस्टचा, म्हणजे टर्बो किती हवा दाबतोय त्याचा, काटा दिसतो, पहिले दोन आठवडे मी रस्त्यापेक्षा तोच जास्त बघत होतो. आणि पुढचं टोकही पटकन आत वळतं, वजन नाही हे तिथे हाताला कळतं, जुनी जरा विचार करून वळते. घड्याळ लावून मी काही पळत नाही, सार्वजनिक रस्ता आहे आणि लायसनसाठी तीनदा प्रॅक्टिकल टेस्ट दिलेली आहे, पण कुठली जोरात जाते यावर वादच नको. नवी. चढाला नवी, उताराला नवी, सरळ रस्त्याला तर फारच नवी.

फक्त एक गोष्ट. ३३मध्ये साडेपाच हजारांच्या पुढे ताणण्यात काही राम नाही, तिला जे सांगायचं ते तिने आधीच सांगून टाकलेलं असतं. ३१ची गंमत तिथून सुरू होते. एकीचं जेवण पहिल्या घासाला, दुसरीचं शेवटच्या. म्हणून लोक जेव्हा म्हणतात की जुनी जास्त प्युअर होती, मला ते अर्धंच पटतं. जुनी जास्त प्युअर वगैरे नाही, जुनी जास्त काम करून घेते, आणि आपल्याला केलेल्या कामाचा माज असतो.

मधली ३२, म्हणजे २०११ अखेरीस आली ती, एका मित्राची शनिवार-रविवार चालवली. इंजिन १.६च पण १३६ पीएस आणि सहा गिअर. बिनटर्बो हवी आणि रोज वापरायची असेल तर तीच घ्या, यापेक्षा जास्त तिच्याबद्दल मला बोलता येणार नाही.

आता रोजचं. बायको ऑटोमॅटिकवर शिकलेली, तिने मॅन्युअल हात बसवला तो ३३वर, कारण क्लच जरा आधी सोडला तरी टॉर्क सांभाळून घेतो. ३१मध्ये आमच्या घराजवळच्या चढावर सिग्नलला तीनदा बंद पडली आणि मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न न वाजवता शांतपणे वाट बघितली, त्याने ती जास्तच चिडली. आई तीन महिन्यांसाठी आली होती, ती ३३च्या मागच्या दाराशी उभी राहून हँडल शोधत होती, ते खिडकीच्या मागे काळ्या पट्टीत लपवलेलंय. आपल्याकडच्या २०१८च्या स्विफ्टलाही तसंच होतं, आणि नंतरच्या मॉडेलला परत दारावर आणलं, म्हणजे सगळ्यांच्याच आया शोधत उभ्या राहिल्या असणार. मागे बसायला दोन्ही सारख्याच चिंचोळ्या. डिकीत आईची एक मोठी बॅग आणि लोणच्याच्या बरणीचं खोकं, संपली डिकी, दुसरी बॅग मागच्या सीटवर बेल्ट लावून.

एक्स्प्रेसवेला ३१ चा पाच गिअरचा बॉक्स त्रास देतो, शंभरला काटा तीन हजारांच्या वर, दोन तासांनी कानात माश्या. ३३ सहाव्यात निवांत, आणि माझ्या गाडीत पुढच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ आहे, नागानोला जाऊन आलो तर पाय जमिनीवर ठेवून आलो. सस्पेन्शन मात्र ३३चं कडक आहे, १७ इंची चाकं आणि ४५ प्रोफाइलचे, म्हणजे बुटक्या कडेचे टायर, पुलाचा प्रत्येक सांधा कमरेला कळवते. ३१ला १६ इंची आणि ५० प्रोफाइल, थोडी माणुसकी आहे. अॅव्हरेज माझ्या हातात ३१ शहरात दहा-अकरा, हायवेला चौदा. ३३ शहरात तेरा, हायवेला सतरा. पेट्रोल दोघींना महागडं, हाय-ऑक्टेनच लागतं, इथे सुटका नाही.

पण या सगळ्यापेक्षा जास्त फरक पडतो तो सरकारी कागदात. जपानमध्ये पेट्रोल गाडीला १३ वर्षं झाली की वार्षिक टॅक्स वाढतो, जणू काही जुनी गाडी ठेवणं हा गुन्हा. ३१चं इंजिन १.५ लिटरच्या वरच्या गटात पडतं आणि वय झालेलं, म्हणून दर मे महिन्यात ४५,४०० येनची पावती येते. ३३ दीड लिटरच्या आत आणि २०१९च्या ऑक्टोबरनंतर रजिस्टर झालेली, तिची ३०,५००. वरून शाकेन, म्हणजे दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी, त्यात वजनावर टॅक्स असतो आणि त्याचे टप्पे अर्ध्या अर्ध्या टनाचे. ३३ एक टनाच्या आत बसते, १६,४००. ३१ पन्नासेक किलोंनी वरच्या टप्प्यात गेली आणि वर वयाचा दंड, ३४,२००. अठरा वर्षं झाली की अजून वाढणार. इंजिनिअरने घासून घासून कमी केलेलं वजन मला वळणात जाणवतं असं मी म्हणतो खरा, पण सगळ्यात स्पष्ट जाणवलं ते या पावतीवर. त्यात दुसऱ्या पार्किंगचं महिन्याचं भाडं १४,०००. तो आकडा घरी मोठ्याने उच्चारायचा नाही असा अलिखित नियम आहे.

३१ घेताना मी एक चूक केली ती सांगतो म्हणजे दुसऱ्याने करू नये. आधीच्या मालकाने कुठल्या तरी गॅरेजमधून बाहेरच्या स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवली होती. दिसायला जबरदस्त, मी त्यालाच भुललो. स्प्रिंगा छोट्या आणि शॉक अॅब्सॉर्बर मूळचेच, सहा महिन्यांत मागचे दोन्ही गळायला लागले, आणि काम करणाऱ्याने नट आवळताना गाडी जॅकवर लटकत ठेवूनच आवळले होते, त्यामुळे सांध्यांतले रबरी बुश कायम पिळलेले राहून फाटले. म्हणजे स्वस्तात मिळालेली गाडी पहिल्याच वर्षी स्वस्त राहिली नाही. सगळं मूळ स्थितीत आणलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही गाडी मुळात किती शहाणी आहे. आणि दुसरं, गंज. बर्फाच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात, तिकडची गाडी वरून चकाचक आणि खालून पापड. माझी मूळची शिझुओकाकडची, म्हणजे बर्फ फारसा नसलेल्या भागातली निघाली, हे निव्वळ नशीब. इंजिनला टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची कटकट नाही, ऑइल वेळेवर बदललं की १,१८,००० किलोमीटरला अजूनही थंडीत पहिल्या फिरकीला सुरू होते.

तर निर्णय झालाय. येत्या मार्चमध्ये ३१चं शाकेन संपतंय आणि त्याच्या आधी ती जाणार. ३३ राहील, सुझुकीने फायनल एडिशन काढून २०२५मध्ये तिला निरोप दिला, आणि सध्याच्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं १.२ आहे, त्यात मला तूर्त रस नाही. घर, आई, बायको, टॅक्स, पेट्रोल, सगळ्यांची मतं एकाच गाडीला पडली. फक्त पहाटे साडेपाचचं मत जुन्या गाडीला आहे आणि ते मोजलं जात नाही.

आत्तापर्यंत दोघं बघायला आले. पहिला आला, थंड इंजिन सुरू केलं आणि तापायच्या आत पाच हजारापर्यंत ताणलं, आवाज ऐकायला. त्याला मी सांगितलं की सॉरी, कालच एकाने टोकन दिलंय. दुसरा आला, पोरगा पंचविशीचा, बॉनेटला हातही लावला नाही, खिशातून टॉर्च काढली आणि आपली चांगली पँट घालून सरळ रस्त्यावर उताणा पडून गाडीखाली शिरला. दहा मिनिटं आतच. गाडी त्याला अजून दिलेली नाही, पण चहा दिलाय.