कॅन्टनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम: जेरी राइससाठी तरी जाच

ओहायोत राहून इथे गेला नसाल तर एक अख्खा दिवस काढा. १९२० मध्ये याच गावात, राल्फ हे नावाच्या गृहस्थांच्या मोटारींच्या शोरूममध्ये आजच्या एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, पाया घातला गेला, म्हणून हे संग्रहालय कॅन्टनला.

माझा मुलगा शाळेच्या संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे धावत जाऊन लांबचे पास झेलणारा, म्हणून खेळतो. त्यामुळे इथे सन्मानित झालेल्यांच्या ब्राँझच्या अर्धपुतळ्यांच्या दालनात आम्ही सगळ्यांत जास्त रेंगाळलो, आणि तिथेही याच जागेवर खेळलेल्या जेरी राइससमोर. मिसिसिपीतल्या गवंड्याचा हा मुलगा. वडिलांच्या हाताखाली विटा झेलून त्याचे हात तयार झाले. लहानशा कॉलेजातून आलेल्या राइसला १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाने १६ व्या क्रमांकावर घेतलं. पुढे २० हंगाम, १,५४९ झेल, आणि त्या झेलांवर पुढे सरकवलेलं २२,८९५ यार्ड अंतर! या जागेवर बहुतेकांचे पाय तिशीनंतर जड होतात. राइसचा गुडघा १९९७ मध्ये फाटला, तरी २००२ च्या हंगामात, चाळिशी गाठताना, रेडर्स या दुसऱ्या संघाकडून त्याने हजाराहून जास्त यार्ड काढले. मला हे त्याच्या तीन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजयांपेक्षाही मोठं वाटतं, आणि मुलाला मी तिथे उभी राहून तेच सांगितलं.

पोरांना घेऊन जाणार असाल तर आधी त्यांना एखादा जुना सामना दाखवा, नाहीतर पुतळे नुसतेच चेहरे वाटतील. ऑगस्टच्या सुरुवातीला नव्या खेळाडूंचा प्रवेशसोहळा असतो. निवांत पाहायचं असेल तर ते दिवस टाळा.