अधिकृत प्रतिकृती म्हणून विकलेला फिल्मी चाकू

चित्रपटांतील गाजलेल्या चाकूंच्या प्रतिकृती आता घरपोच मिळतात आणि आमच्या सिंधुदुर्गातही त्या मागवणारे बरेच झाले आहेत. कोणाला त्या भिंतीवर लावायच्या असतात, तर कोणाला गडावर मुक्कामाला जाताना कमरेला अडकवायच्या असतात. मी वेंगुर्ल्याजवळ राहतो. मला जुने अडकित्ते आणि विळ्या जमवण्याची आवड आहे. त्या संग्रहात भर म्हणून मी अशी एक प्रतिकृती ४,८०० रुपयांना घेतली. अधिकृत परवाना, मर्यादित क्रमांकित आवृत्ती, ४४० जातीचे पोलाद, रानात वापरता येईल अशी मजबूत बांधणी आणि साडेआठ इंचांचे पाते, असे विक्रेत्याचे वर्णन होते. त्यातले एकही विधान खरे निघाले नाही.

हा चाकू १९८२ सालच्या 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटातील. मूळ चाकू अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातले कारागीर जिमी लाइल यांनी घडवला होता. पोकळ मूठ, तिच्या टोकाला होकायंत्र बसवलेले फिरकीचे झाकण, आत काड्या आणि सुई-दोरा ठेवण्यापुरती जागा आणि पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दाते, अशी त्याची घडण. ती इतकी लोकप्रिय झाली की तिच्या नकलांचा बाजार आजही चालू आहे. मात्र मूठ पोकळ ठेवायची म्हटल्यावर पाते मुठीच्या टोकापर्यंत नेता येत नाही, आणि सगळा भार पाते व मूठ यांच्या सांध्यावर येतो. निष्णात कारागीर हा सांधा भक्कम करू शकतो. स्वस्त नकलेत नेमके तिथेच हात आखडता घेतलेला असतो.

आमच्या बाबतीत तो सांधा पहिल्याच कामाला सुटला. पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत माझा पुतण्या काजूची मनगटाएवढीही जाड नसलेली फांदी छाटत होता. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला मूठ त्याच्या हातात राहिली आणि पाते उडून शेणखताच्या ढिगात रुतले. त्या बाजूला कोणी उभे नव्हते, एवढेच नशीब. नंतर मूठ उजेडात धरून पाहिली, तेव्हा आत पात्याच्या मागच्या टोकाला डाग देऊन चिकटवलेला करंगळीएवढा बोल्ट दिसला. त्याच्याभोवती पिवळट गोंद ओतलेला होता आणि डागाचा निम्मा भाग पात्याला कधी धरलाच नव्हता, कारण तिथला धातू कोरा आणि चकचकीत होता. वरून गुंडाळलेल्या दोरीमुळे हे काहीच दिसत नव्हते.

पाते मी आमच्या गावच्या लोहारकाकांकडे नेले. त्यांनी धारेवरून कानस फिरवली. पाणी नीट दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केलेल्या पात्यावर कानस घसरते. इथे ती सहज चावली आणि भुकटी खाली पडली. "ह्येका पाणीच देऊक नाय," एवढेच म्हणून त्यांनी ते माझ्या हातात परत दिले. पात्यावर '४४०' असा आकडा कोरलेला आहे, पण नुसत्या ४४० ला काही अर्थ नसतो. ४४०-सी या प्रकारात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो आणि ४४०-ए मध्ये त्याहून बराच कमी. अक्षर गाळले की ग्राहकाला हवे ते समजून घेता येते, आणि विक्रेत्याला तेच हवे असते. शोभेच्या बहुतेक प्रतिकृती ४२० जातीच्या पोलादाच्या असतात. ते चकाकते आणि गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण धार फार काळ धरत नाही. शोभेसाठी त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याला रानात वापरायचे हत्यार म्हणून विकणे.

याहून मोठी लबाडी चाकूसोबत आलेल्या प्रमाणपत्रात होती. जाड कागद, सोनेरी किनार, खाली सही आणि '०४१७/५०००' असा क्रमांक. चिपळूणच्या एका मित्राने दुसऱ्या नावाच्या विक्रेत्याकडून हाच चाकू घेतला होता. त्याला प्रमाणपत्राचे छायाचित्र पाठवायला सांगितले, तर त्यावरही ०४१७ हाच क्रमांक! भिंगातून पाहिल्यावर सही बारीक ठिपक्यांची, म्हणजे छापलेली दिसली, आणि क्रमांकही तसाच. खोक्यावर चित्रपटाच्या हक्कधारकाचा उल्लेख नव्हता. आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत यांपैकीही काही नव्हते. वेष्टनबंद आयात मालावर हे छापणे वजनमापविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे.

तरीही प्रतिकृती जमवणे निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. खऱ्या परवान्याची प्रतिकृती संग्रहात शोभते, मात्र ती शोभेची वस्तू आहे हे धरूनच तिची किंमत द्यावी. पैसे देण्यापूर्वी हक्कधारकाच्या उल्लेखासह खोक्याचे आणि प्रमाणपत्रावरील क्रमांकाचे छायाचित्र मागावे. ते द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. चाकू चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नये. खारी हवा आणि पावसाळ्यातला ओलावा चामड्यात मुरतो, पात्यावर तांबूस ठिपके पडतात आणि पितळी भागांवर कळंक चढतो. हलके तेल लावून पाते म्यानाबाहेर ठेवलेले बरे. कामासाठी मात्र गावच्या लोहाराचा कोयताच घ्यावा. तो पुन्हा शेवटून, म्हणजे झिजलेली धार नव्याने घडवून घेता येतो.

पात्याच्या लांबीची थाप सर्वांत घातक होती. वर्णनात साडेआठ इंच लिहिलेले पाते मोजल्यावर दहा इंच भरले. २०१६ च्या शस्त्र नियमांमध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या पाचव्या वर्गात येतात, आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात त्यांना परवाना लागतो. घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारे यातून वगळली आहेत. कोयता त्यात बसतो, फिल्मी चाकू बसत नाही. शिवाय सणासुदीच्या काळात जिल्ह्यात शस्त्रे बाळगून फिरण्यास मनाई करणारे आदेश लागू होतात. त्या दिवसांत असा चाकू गाडीत सापडला, तर विक्रेत्याने लिहिलेली लांबी पोलिसांपुढे कामी येणार नाही.

मी तक्रार केली, तेव्हा विक्रेत्याचे उत्तर आले की वस्तू केवळ प्रदर्शनासाठी आहे आणि वापरल्यामुळे ती परत घेता येणार नाही. 'रानात वापरण्याजोगी' असे शब्द असलेले विक्रीचे पान मी आधीच जपून ठेवले होते. ते जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली. जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे २०२० चे ई-वाणिज्य नियम सांगतात. त्याचा मी स्पष्ट उल्लेख केला. ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हेही लिहिले. त्यानंतर पैसे परत आले, टपालखर्च वगळून. चिपळूणच्या मित्राकडे मात्र विक्रीचे पान जपलेले नव्हते आणि त्याला काहीच मिळाले नाही. तो चाकू आता तिसऱ्याच नावाने विक्रीला लागला आहे, छायाचित्रे तीच आहेत, आणि वर्णनात पाते अजूनही साडेआठ इंचांचेच आहे.