ब्लॅक बुकवाला झेरॉक्स, दादर वेस्ट: बाइंडिंगला पाच स्टार, रेडीमेड प्रोजेक्टला एकपण नाही

दुकानाचं नाव टाकत नाही, स्टेशनजवळ अशी चार-पाच आहेत, ज्याने त्याने समजून घ्या.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंय. ब्लॅक बुकचं, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या काळ्या पुस्तकाचं, बाइंडिंग एक नंबर. काळं रेक्झिन, कोपरे नीट दुमडून चिकटवलेले, वरची सोनेरी अक्षरं बोट घासलं तरी जात नाहीत, माझं बुक सात वाजताच्या डोंबिवली फास्टमध्ये बॅगेत चेपून गेलं तरी पाठ सुटली नाही. २०० रुपये, दोन तासांत हातात. फक्त सबमिशनच्या आठवड्यात जाऊ नका, रांग वडापावच्या गाडीपर्यंत जाते.

आता रेडीमेडचं, म्हणजे दुकानच तयार करून विकतं त्या प्रोजेक्टचं. टीवाय बीएमएसला (मॅनेजमेंटच्या डिग्रीचं तिसरं वर्ष) आम्हाला सहाव्या सेमला प्रोजेक्ट होतं १०० मार्कांचं, ६० रिपोर्टचे ४० व्हायवाचे, म्हणजे तोंडी परीक्षेचे. मी ठाण्यात पार्टटाइम करत होतो, गाइड मॅडम डिसेंबरपासून चॅप्टर मागत होत्या आणि मी आपला ‘हो मॅडम, सोमवारी देतो’ करत करत नऊ दिवसांवर आलो. काउंटरच्या काचेखाली टॉपिकची लॅमिनेट केलेली लिस्ट आहे, मेनूकार्डासारखी. २,८०० सांगितले, २,५०० ला तुटलं, त्यात सर्व्हे, पाय चार्ट, प्लॅगचा (कॉपी किती टक्के आहे त्याचा) रिपोर्ट सगळं आलं. मी म्हटलं काका पकडलं तर? तर म्हणाले अरे कोण वाचतंय, एवढी बुकं असतात, सर फक्त जाडी बघतात.

मी पण जाडीच बघितली. कव्हर वाचलं, अ‍ॅक्नॉलेजमेंट वाचली (मम्मी-पप्पांचे आभार छान मानले होते) आणि डिक्लेरेशनवर सही ठोकली, की हे माझं स्वतःचं काम आहे आणि आधी कुठे सबमिट झालेलं नाही. ती सही मला अजून आठवते, दुकानातलंच पेन होतं, दोरीला बांधलेलं.

व्हायवाला एक्स्टर्नल सर (बाहेरून आलेले परीक्षक) शांत माणूस. टॉपिक होता दादरमधल्या मोठ्या दुकानांत ग्राहक किती खूश आहेत. सर पानं उलटत उलटत १४ वर थांबले.

“दादरला राहतोस का?”
“नाही सर, डोंबिवली.”
“बरं. मग दादरच्या संत्र्यांच्या बागा कुठे आल्या?”

मी हसलो, मला वाटलं सर मूडमध्ये आहेत. त्यांनी बुक माझ्याकडे फिरवलं. इंग्लिशमध्ये छापलेलं, दादर संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि राज्याची उपराजधानी आहे, हिवाळी अधिवेशन इथेच होतं. काकांनी कोणाचंतरी नागपूरचं प्रोजेक्ट घेऊन फाइंड-रिप्लेस मारलं होतं बस्स. सर हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग मॅडमनी सॉफ्ट कॉपी उघडली तर साध्या साध्या शब्दांखाली लाल रेघा. स्पेलिंग बरोबर आणि खाली रेघ! कारण काय, तर इंग्लिश ‘ए’ आणि ‘ओ’च्या जागी दिसायला सेम टू सेम रशियन अक्षरं घातली होती, म्हणजे चेक करणाऱ्या सॉफ्टवेअरला शब्द ओळखू येऊ नयेत म्हणून. प्लॅग कमी करून देतो म्हणजे हे. तो ‘४% प्लॅग’वाला रिपोर्ट पण कोणाच्या दुसऱ्याच फाइलचा निघाला.

रिपोर्टला शून्य, केटी, म्हणजे नापास, परत द्यायचं. पप्पांना सुट्टी टाकून कॉलेजला यावं लागलं, येताना लोकलमध्ये दोघं दारात उभे होतो, ठाण्यापर्यंत एक शब्द नाही. ऐरोलीला बॅकऑफिसचा जॉब मिळाला होता, जूनचं जॉइनिंग, त्यांना फायनल मार्कशीट पाहिजे होती, तो गेला. वर्गातल्या अजून दोघांनी तिथूनच घेतलेलं, त्यांच्या बुकात संत्री नव्हती म्हणून सुटले. याचा राग मला खूप दिवस होता, आता कमी आहे.

मॅडम नंतर म्हणाल्या की तू बीएमएसच्या प्रोजेक्टवर पकडला गेलास म्हणून एवढ्यावर भागलं. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा नियम आहे, त्यात थीसिस-डिझर्टेशनमध्ये १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून परत द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष परत देताच येत नाही आणि ६० च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच कॅन्सल. प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात येत नाहीत, तिथे कॉलेजचे नियम. एमकॉम, पीएचडीवाले काकांच्या लिस्टवर नजर टाकत असतील तर बघा बुवा.

पैसे मागायला गेलो तर काका म्हणतात माल नेताना चेक करायचा ना.

दुसरं प्रोजेक्ट मी फूल मार्केटवर केलं, दादरचंच. आठ दिवस पहाटे साडेपाचला पुलाखाली फॉर्म घेऊन उभा. ६० फॉर्म भरून झाले, त्यातले ११ झेंडूच्या पाण्याने पुसले गेले, ते ११ परत भरून घेतले. एका मावशींनी प्रत्येक प्रश्नाला ‘तूच लिही काय ते’ सांगितलं, मी नाही लिहिलं, त्यांच्याकडे तीन वेळा गेलो. व्हायवाला तेच सर नव्हते, वाईट वाटलं.

बाइंडिंगला परत काकांकडेच, कारण बाइंडिंग खरंच चांगलंय. काकांनी पेन ड्राइव्ह लावला, प्रिंट काढता काढता चार पानं वाचली आणि म्हणाले, “हा भारी आहे रे, फूल मार्केट आपल्याकडे नव्हता. सॉफ्ट कॉपी ठेवून घेऊ का? पुढच्या बाइंडिंगला पन्नास कमी लावतो.”

मी नाही म्हटलं पण तोपर्यंत फाइल डेस्कटॉपवर आलेली होती. काउंटरच्या आत जाऊन डिलीट केली, रिसायकल बिनमधून पण. तुम्ही गेलात तर तुम्ही पण करा, काका काही बोलत नाहीत.