सेकंडहँड टेलिहँडलर घेताय? माझे १७,२५,००० कसे गेले ते आधी वाचा

लिहायची लाज वाटतेय, पण मेहुण्याने पण तसलीच मशीन बघून ठेवलीय म्हणून लिहितोय. चाकणला शेडची कामं घेतो मी, १४ वर्षं झाली, कोणी येडा समजू नये. हायड्राला, म्हणजे छोट्या क्रेनला, भाडं देऊन देऊन वैतागलो होतो, आणि टेलिहँडलरचा बूम (पुढचा दांडा, त्याला माल उचलायचे फोर्क) लांब जातो, ब्लॉकचं पॅलेट सरळ वरच्या स्लॅबवर ठेवतो, चार हेल्पर वाचतात.

३ टन, ७ मीटरची मशीन, किती चाललीय ते दाखवणाऱ्या मीटरला २,९१० तास. १९,५०,००० सांगितले, १७,२५,००० ला तुटलं. ५१,००० टोकन, १२,००,००० आरटीजीएस आणि ४,७४,००० कॅश. कॅश का, तर बिल कमीचं करू, जीएसटी वाचेल, यार्डवाला म्हणाला. माझी हाव, मान्य, पण या लाइनीत कोण करत नाही सांगा.

आता जे आठवून रात्री झोप लागत नाही ते. यार्डात केबिनमध्ये चढलो, ब्रेकवर पाय ठेवला तर पेडलचं रबर गायब, लोखंड देवळाच्या उंबऱ्यासारखं झिजून गुळगुळीत. २,९१० तासांत पेडल असं होत नाही, हे मला माहिती होतं!! सीट कोरी, टायर कोरे, रंगाचा वास येतोय. मी यार्डवाल्याकडे बघितलं, त्याने चहा पुढे केला, आणि मी काय बोललो? "साखर जरा जास्त झाली."

साइटवर आल्यावर कळलं की ओव्हरलोडचा बझरच वाजत नाही, सीटखाली वायर कापलेली. ३ टन हे बूम आत असताना, पूर्ण पुढे काढला की निम्मं पण झेपत नाही. बूम किती लांब असताना किती वजन झेपतं तो केबिनमधला लोड चार्ट आमच्याकडे खरवडून काढलेला. डेमो घेताना बूम लांब काढून वजन उचलायला लावा, रिकामे फोर्क वरखाली करून दाखवतात त्याला भुलू नका.

४७व्या दिवशी फायनान्सवाले ट्रेलर घेऊन हजर. मशीनवर आधीचं कर्ज बाकी, कर्ज फिटलं म्हणून मला दिलेली एनओसी खोटी. मशीन साइटबाहेर जात नाही, आरटीओ पासिंग लागत नाही असं पटवलं होतं यार्डवाल्याने, त्यामुळे आरसीच नाही, कर्जाचा बोजा दिसणार कुठे? आरसी नसेल तर चहा पण न पिता उठा. एनओसी फायनान्सच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा.

आणि पोलीस! इकडे म्हणाले यार्ड पनवेल साइडला, तिकडे जा. तिकडे म्हणाले पैसे चाकणहून गेले, तिकडेच जा. हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते, झिरो एफआयआर, असं बोललो तर म्हणे "वकील आहात का?" मग ही दिवाणी बाब, कोर्टात जा. अहो खोटा शिक्का मारून एनओसी बनवली ती पण दिवाणी? फसवणुकीचं जुनं ४२० कलम आता ३१८ झालं एवढं मला ठाऊक, त्यांना नाही? कॅश का दिली हे विचारताना मात्र साहेब एकदम हुशार, समोरचा हवालदार हसतोय. सहा चकरा, हातात पोच सुद्धा नाही, शेवटी वरच्या साहेबांना स्पीड पोस्टाने अर्ज टाकलाय.

काल त्याच यार्डवाल्याचं स्टेटस पडलं. दुसरी मशीन, मीटर २,४०० तास, सगळ्या बाजूंनी फोटो. पेडलचा नाही.