मिरांडा की लेडी श्रीराम? पसंतीक्रम भरण्याआधी

नागपुरातून मुलगी दिल्लीला शिकायला निघाली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एलएडी असताना तिकडे कशाला?" प्रश्नात दम आहे. शंकरनगरचं ते कॉलेज 1932 सालचं, म्हणजे खाली ज्या दोघींची तुलना करतोय त्या दोघींपेक्षाही वडीलधारं. पण दिल्ली नक्की झाली असेल आणि सीयूईटीचे (विद्यापीठ प्रवेशपरीक्षेचे) गुण बरे असतील, तर घरात एकच वाद उरतो: दिल्ली विद्यापीठाच्या या दोन मुलींच्या कॉलेजांपैकी पसंतीक्रमात वर कोणतं, मिरांडा हाऊस की लेडी श्रीराम? आमच्या घरात दोन्ही झालं. पुतणी लेडी श्रीरामची, मुलगी मिरांडाची. माझं पारडं कुठे झुकतं ते लपणार नाहीच, तेवढं वजा करून वाचा.

मुलीला फिजिक्स, केमिस्ट्री, बॉटनी हवं असेल तर प्रश्नच मिटला, दोघींपैकी हे विषय मिरांडातच. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीच्या) यादीत 2017 ते 2023 मिरांडाचा पहिला नंबर होता, हेही काका-मामा सांगतील. दोन नावाजलेल्या कॉलेजांत त्यावरून निवड करू नये, असं मला वाटतं.

इतिहास दोघींचा वेगळ्या घाटाचा. मिरांडा दिल्ली विद्यापीठाने काढलं. कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांचा पुढाकार, मार्च 1948 मध्ये एडविना माउंटबॅटन यांच्या हस्ते पायाभरणी आणि वॉल्टर जॉर्जने बांधलेली लाल विटांची इमारत. लेडी श्रीराम 1956 चं. गिरणीमालक लाला श्रीराम यांनी पत्नीच्या स्मरणार्थ काढलेलं, दर्यागंजात सुरू होऊन पुढे दक्षिण दिल्लीत गेलेलं. 'सा विद्या या विमुक्तये' हे त्याचं ब्रीद आमची पुतणी आजही भांडणात वापरते.

माजी विद्यार्थिनींच्या बाबतीत कुणीच कमी नाही. लेडी श्रीरामची आँग सान स्यू की 1964 ची पदवीधर, राज्यशास्त्राची. आई दिल्लीत ब्रह्मदेशाची राजदूत होती म्हणून ती इथे आली. नाणेनिधीच्या पहिल्या महिला मुख्य अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथही तिथल्याच. मिरांडाकडे अनिता देसाई, शीला दीक्षित, वृंदा करात, नंदिता दास. लेखिका, मुख्यमंत्री, कम्युनिस्ट पुढारी आणि अभिनेत्री एकाच फाटकातून बाहेर पडाव्यात, हे मला जास्त आवडलं. पण ही आवड झाली, पुरावा नव्हे.

आमचं पारडं खरं झुकलं ते संध्याकाळच्या परतीमुळे. वसतिगृहाच्या जागा दोन्हीकडे मोजक्या, त्यामुळे बाहेरगावच्या बऱ्याच मुलींना पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहायची खासगी जागा, शोधावं लागतं. पुतणीचं पीजी दक्षिण दिल्लीत, आणि तिला हवं असलेलं बरंचसं नॉर्थ कॅम्पसला, म्हणजे मिरांडाच्या परिसरात: विद्यापीठाचं ग्रंथालय, इतर कॉलेजांची नाटकं, वादविवाद. कैलास कॉलनीहून व्हायलेट लाइन, मग यलो लाइन, आणि तेवढाच प्रवास परत. पीजीवालीचं फाटक साडेनऊला बंद. एक मिनिट उशीर झाला की नागपुरात आमच्या घरी फोन! त्यामुळे निकाल लागायच्या आत ही उठायची. कोण जिंकलं ते कळायला बिचारीला दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला विचारावं लागे. मुलींच्याच वसतिगृहांना जाचक वेळा का, म्हणून 2015 मध्ये 'पिंजरा तोड' उभं राहिलं, ते आम्हाला तिच्याकडून कळलं.

मुलगी नॉर्थ कॅम्पसजवळच्या कमलानगरला राहिली. फाटक तिच्याही पीजीचं लागायचंच, पण हिंदू, रामजस, किरोडीमल ही कॉलेजं सगळी पायी किंवा ई-रिक्षाने. नाटक संपेपर्यंत बसता यायचं, आणि परतताना सोबत दहा पोरी. तमिळनाडू एक्सप्रेसने नवी दिल्लीला उतरलं की मेट्रो थेट विद्यापीठ स्टेशनला, बाबाने बॅग उचलून लाइन बदलायची नाही. ही सोय फालतू वाटेल, पण गुडघे माझे आहेत.

पुतणीला हे सगळं मान्य नाही. तिच्या मते लेडी श्रीरामचं आवारच इतकं भरलेलं असतं की बाहेर जायची गरज भटक्यांनाच पडते, आणि त्यात ती स्वतःला मोजत नाही. तर मुलीला मानसशास्त्र किंवा पत्रकारिता ऑनर्स हवं असेल, तर लेडी श्रीराम बिनधास्त वर टाका आणि पीजी कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावरच बघा. इतर कला विषयांना मी तरी मिरांडा वर ठेवेन.