मास्टर कीटन घेऊ की अपोथेकरी डायरीज?

इतिहास, रहस्याच्या केसेस आणि घरातली माणसं असं सगळं एकाच मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, हवं असेल तर माझ्याकडे दोनच नावं आहेत, मास्टर कीटन आणि द अपोथेकरी डायरीज. दोन्ही एकदम घ्यायच्या तर कपाट रिकामं आणि खिसा भरलेला पाहिजे, म्हणून हा प्रपंच.

कीटन आली १९८८ ते ९४ मध्ये, चित्रं नाओकी उरासावाची. हिरो ताइची हिरागा-कीटन अर्धा जपानी अर्धा ब्रिटिश, ऑक्सफर्डला पुरातत्त्व शिकलेला, मध्येच एसएएस या ब्रिटिश कमांडो दलात होता आणि आता पोट भरतो इन्शुरन्सचे क्लेम तपासून. इतिहास खराखुरा आहे हां, १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासातून ओलीस सोडवले ते ऑपरेशन, फॉकलंडचं युद्ध, हुकूमशहा चाउशेस्कू गेल्यानंतरचा रोमानिया. मांगा चालू होती तेव्हाच बर्लिनची भिंत पडली, त्यामुळे काही चॅप्टर जुना पेपर हातात आल्यासारखे वाटतात.

आणि घर म्हणाल तर बायकोशी घटस्फोट झालेला, तरी हा अजून आशेवर, मुलगी युरिको बापापेक्षा समंजस, आणि प्राणीशास्त्रज्ञ वडील म्हातारपणीही रंगेल. पण केसशी या लोकांचा संबंध बऱ्याचदा नसतोच. केस संपली की घरी फोन, असं. मला तेच आवडलं, कारण जगभर हुशारी करून आलेला माणूस पोरीसमोर कसा गप्प होतो ते अगदी ओळखीचं वाटतं.

अपोथेकरीत उलटं आहे, तिथे घर हीच सगळ्यात मोठी केस. देश काल्पनिक, पण साचा जुन्या चीनच्या राजवाड्याचा. माओमाओ ही औषधं बनवणारी पोरगी, तिला पळवून आणून जनानखान्यात कामाला विकलेलं. पहिलीच केस राजाची बाळं का दगावतात याची, आणि उत्तर निघतं चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीत, त्यात शिसं असतं. हे मनाने रचलेलं नाही, शिशाचा सफेदा जगात कित्येक ठिकाणी बायका खरंच लावायच्या. पुढे मधाचीही एक केस आहे, ती वाचून मी पुस्तक मिटून बसलो, कारण आपल्याकडे बाळाला मध चाटवायची पद्धत घरोघर होती आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध खरंच धोक्याचा असतो. घरी आजी असेल तर जपून दाखवा.

तिला वाढवणारा बाप लुओमेन आणि जन्मदाता कोण, हे धागे हळूहळू केसेसमधूनच उलगडतात, जास्त सांगत नाही. फक्त मधले चॅप्टर सोडून वाचलंत तर काही कळणार नाही, कीटन मात्र कुठूनही उघडा. एक घोळ लक्षात ठेवा, नात्सु ह्यूगाच्या एकाच कादंबरीवरून जपानीत दोन वेगवेगळ्या मांगा निघतात, इंग्रजीत छापील घेताना नेकोकुरागेची चित्रं असलेली बघा.

कीटनची नवी आवृत्ती १२ खंडांत संपते, अपोथेकरी अजून चालूच. जपानी नावं लक्षात राहत नाहीत म्हणणाऱ्याला चिनी दरबारातली नावं तर वैतागच आणतील. माझं विचाराल तर ऑफिसहून येऊन झोपायच्या आधी एक गोष्ट वाचणाऱ्याने कीटन घ्यावी, आणि सुट्टीत सलग बसणाऱ्याने माओमाओ, पण मग दोन-तीन खंड एकदमच मागवा, पहिला संपला की रात्री दुसरा कुठून आणणार.