युडायस प्लस: शाळेची कुंडली फुकटात

पोरीच्या नववीच्या प्रवेशासाठी चोपडा तालुक्यातल्या दोन हायस्कूलांची माहिती युडायस प्लसच्या, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी साइटवर काढली. लॉगिन नको, पैसे नको. शाळेचा 11 अंकी कोड टाका (आपल्या महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो), की पट, शिक्षक, वर्गखोल्या, मुलींची शौचालयं, संगणक, ग्रंथालय सगळं समोर. पटाला शिक्षकांच्या आकड्यानं भागलं, एका शिक्षकामागं किती पोरं ते कळलं अन् मोठ्या इमारतीवाल्या शाळेचं पितळ उघडं पडलं!

पण भाऊ, ही माहिती शाळाच भरते. एकीकडे प्रयोगशाळा ‘आहे’ दिसली. जाऊन पाहिलं तर दाराला कुलूप, खिडकीतून खिचडीच्या तांदळाची पोती दिसत होती. म्हणून साइटवरच्या माहितीचा कागद हातात घेऊन शाळेत चक्कर माराच. मोबाइलवर पानं रडतखडत उघडतात. पाचपैकी चार तारे.